ईश्वरीचा श्रावण

कोपरखैरणे,
२४ जून २०२५

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवत होतं आणि तू माझ्या प्रत्येक वाक्याला "बरं बरं" म्हणत होतीस. ज्या बातमीला कुणी बरं म्हणणार नाही तिलासुद्धा. म्हणून ठरवलं की पत्रच लिहायचं. अक्षर मोठं काढते आहे.

बाबांचं यकृत निकामी झालंय. पोट फुगलं, पाय सुजले, तेव्हा आम्हाला वाटलं की ॲसिडिटी आहे. डॉक्टर म्हणाले, आता औषधाने भागणार नाही, जवळच्या नातेवाइकाच्या यकृताचा तुकडा काढून बसवावा लागेल. देणाऱ्याचं यकृत पुन्हा वाढतं म्हणे. हे ऐकून मी डॉक्टरांना तीनदा विचारलं, खरंच वाढतं का? ते हसले आणि म्हणाले, पालीच्या शेपटीइतकं सोपं नाही, पण वाढतं.

आईचा रक्तगट जुळत नाही, शिवाय तिला बीपी. तुझं वय बसत नाही, तेव्हा तो विचार मनातही आणू नकोस. राहिले मी. माझा गट जुळला. पण माझ्या यकृतात चरबी निघाली. आणि गंमत बघ, बाबांचं यकृत वाया गेलं तेही चरबीनेच. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाबद्दल सोसायटीतले लोक आवाज खाली आणून विचारतात, "घ्यायचे का हो?" आई प्रत्येकाला समजावून थकली.

डॉक्टर म्हणाले, चरबी उतरल्याशिवाय तुझं यकृत घेता येणार नाही. ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा तपासणी. बाबांकडे तेवढा वेळ आहे, त्याहून फार नाही. म्हणून रंजिता मॅडम नावाच्या आहारतज्ज्ञांनी माझा भात, पोळी, बटाटा, साखर सगळं बंद केलंय. मासे, अंडी, पालेभाज्या, पनीर, ताक, थोडं तूप चालतं.

आत्या, लहानपणापासून सगळं घर मला "कमी खा" म्हणत आलंय. स्थळं पाहायला लागल्यावर तर जास्तच. आता खरोखर कमी खाते आहे तर सगळे ताट घेऊन मागे धावताहेत. ह्याचं काय करायचं ते तूच सांग.

तुझी,
ईश्वरी


धामणवाडी,
२ जुलै २०२५

चि. ईश्वरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मधू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याला मी कडेवर घेऊन शाळेत नेलाय. त्याच्या पोटात असं काही होईल हे मनातही आलं नव्हतं. मला फार भीती वाटते आहे, ती लिहून टाकते म्हणजे पुढचं लिहिता येईल.

आता तुझ्या डॉक्टरचं मला कळलेलं नाही. जी आपल्या अंगातला तुकडा काढून देणार, तिला आधी उपाशी ठेवायचं? आपल्याकडे नांगराला जुंपायच्या आधी बैलालासुद्धा पेंड घालून तयार करतात. तू तर माणूस आहेस. भात न खाता कुणाच्या अंगात बळ आलेलं मी अडुसष्ट वर्षांत पाहिलेलं नाही. आपल्या घरात भाताशिवाय कुणी जगलेलं नाही. वजन उतरतं ते अशक्तपणानेच उतरतं. आजाऱ्याचंही उतरतं, म्हणून काय ते चांगलं म्हणायचं?

तरी मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. भातात चरबी नसते, तेल नसतं, मग भात खाऊन चरबी कुठून येते? तुपाला परवानगी आणि भाताला बंदी, हा उलटा कारभार कसला? आणि पोट भरलं हे तुला कशावरून कळतं? मला तर शेवटचा ताकभात खाल्ल्याशिवाय जेवण संपल्यासारखं वाटत नाही.

एसटीच्या पार्सलने डिंकाचे लाडू पाठवले आहेत. रोज एक खा. डॉक्टरला सांगू नकोस.

दुसरं म्हणजे, २५ तारखेला श्रावण लागतो. बापासाठी श्रावण पाळ. मासे-अंडी बंद, सोमवारचा उपवास, आणि गुरुवार-शनिवार जमले तर तेही. उपवासात आपोआप भात नाहीच, म्हणजे तुझ्या मॅडमचंही मन राहील आणि देवाचंही.

तुझ्या आईला, सुनीतीला सांग, धीर सोडू नको. मधूला माझं काही सांगू नको, तो उगीच रडेल.

तुझी,
आत्या


कोपरखैरणे,
१३ जुलै २०२५

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझे प्रश्न मी रंजिता मॅडमना जसेच्या तसे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, तुमच्या आत्यांना माझ्याकडे नोकरीला पाठवा. भाताचं उत्तर असं, की भात पोटात गेला की त्याची साखर होते. शेतात राबणारा ती खर्च करतो. माझ्यासारखी महाप्याच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणारी ती खर्च करत नाही, मग उरलेली यकृत चरबी करून ठेवून देतं. म्हणजे तुझ्या शिवारातल्या माणसांना भात लागतो हे तुझं खरं, आणि मला इतका लागत नाही हे त्यांचं खरं. पण त्यांनी हेही बजावलंय, की हे माझ्यापुरतं आहे, तपासण्या करून ठरवलेलं. कुणी बघून करायचं नाही.

पोट भरल्याचं कसं कळतं? पहिला आठवडा नाहीच कळलं. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्टीने डोळ्यांत पाणी यायचं. आता बांगडा आणि मेथी खाल्ली की चारपर्यंत भुकेची आठवण येत नाही. हे मलाच नवल वाटतं.

बाकीच्यांना पटत नाही. ऑफिसातला प्रितेश म्हणतो, "हे फक्त पाणी उतरतंय. दोन महिन्यांत डबल होऊन परत येशील, लिहून घे." समोरच्या काकू म्हणाल्या, केस गळतील, मूल होणार नाही. आपली मासळीवाली जमुनामावशी तर टोपली उतरवून बसलीच. "भात न्हाय खात? मंग कालवन कशाशी खातंस गो पोरी? म्हावरं काय नुसतं खायाची वस्तू हाय?" मी म्हटलं, बाबांसाठी आहे. तर दोन बोंबील जास्त टाकले आणि म्हणाली, "तुझा बाप बरा झाला का मंग मी मानीन."

लाडू मिळाले. राग मानू नकोस. आई डबा उघडून माझ्यासमोर ठेवायची आणि मी तो झाकून परत ठेवायचे, असं चार दिवस चाललं. शेवटी बाबाच म्हणाले, "ताईने केलेत, वाया नको," आणि सोसायटीत वाटायला लावले. एक मात्र त्यांनी हातात घेऊन नुसता हुंगला. त्यांनाही बंदी आहे.

बाबांना आता बसून बोलतानाही दम लागतो. मला म्हणतात, तुझ्या पोटावर वण राहील, लग्नाचं कसं होणार. मी म्हटलं, जो वण पाहून पळेल त्याचा पत्ता आधीच कळलेला बरा.

श्रावणाचं मात्र मला पटलं. तुझं एकही ऐकलं नाही असं नको व्हायला. आईचाही चेहरा उजळला. सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरते.

तुझी,
ईश्वरी


धामणवाडी,
२४ जुलै २०२५

चि. ईश्वरीस अनेक आशीर्वाद.

तू श्रावण धरतेस हे वाचून जीव भांड्यात पडला. लाडवांचा राग नाही. मधूने हुंगला एवढंच लिहिलं असतंस तरी पुरलं असतं.

तुझ्या मॅडमचं उत्तर मी गावात सांगून पाहिलं. कुणाला पटलं नाही. शिवराम गुरव म्हणाला, "भातानं चरबी चढली असती, तर आमी सगळे हत्ती झालो असतो." पण नंतर मनात आलं, की आमच्यात पुण्या-मुंबईला जाऊन खुर्चीत बसले तेवढेच फुगून आले आहेत. मधू गावात होता तेव्हा काटकुळा होता, आणि तेव्हा तो ताटभर भात खायचा. ह्याचा विचार करते आहे.

अजून एक विचारते. भात सोडल्यावर पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं म्हणालीस, ते कशाने? मिठाचं पाणी घेतल्याने थांबतं का? सहज विचारलं.

उपवासाला अंगात ताकद राहील असं खा. साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याचं कूट सढळ घालून कर. वरीचे तांदूळ, रताळ्याच्या फोडी, राजगिऱ्याचा लाडू, एखादं केळं. सुनीतीला सगळं येतं, माझ्या आईच्याच हाताखाली शिकली आहे. उपवासाचं बाधत नाही.

इकडे लावणी आटोपली. शेजारची पुतळा मदतीला येते. तिला मी रोजचा भात बांधून देते, म्हणजे शिळा राहत नाही. माझ्या हातातल्या बांगड्या हल्ली कामात कोपरापर्यंत सरकतात, त्या बदलून घ्यायच्या आहेत.

मधूला सांग, ताई रोज नाव घेते.

तुझी,
आत्या


कोपरखैरणे,
१३ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे. लगेच उत्तर दे.

काल तपासणी झाली. चरबी उतरलेली नाही. जुलैत वजन भराभर उतरत होतं ते गेल्या तीन आठवड्यांत अडलं, उलट थोडं चढलंच. डॉक्टर म्हणाले, अशा यकृताचा तुकडा काढला तर तुम्हालाही धोका आणि वडिलांनाही. बाबांच्या खोलीत परत कशी गेले ते माझं मला माहीत. त्यांना वाटलं मी पास झाले, कारण मी हसत होते.

रंजिता मॅडम चक्रावल्या. म्हणाल्या, नक्की काय खाताय ते तासातासाने सांगा. मी सांगितलं, भात नाही, पोळी नाही, साखर नाही. "आणि?" आणि काही नाही, मी म्हटलं, आठवड्यातले तीन दिवस तर माझा उपवासच असतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. "उपवासाला काय खाता?"

आत्या, मी साबुदाण्याचं नाव घेतलं आणि माझ्या स्वतःच्या कानांना ते पहिल्यांदा ऐकू आलं. खिचडी, वरी, रताळं, केळी. तीन दिवस हे. उरलेले चार दिवस श्रावण म्हणून मासे बंद, अंडी बंद, मग पोट भरायला आई उपवासाचंच उरलेलं वाढायची. आणि मी डोळे मिटून खात होते. महिनाभर घासघास मोजणारी मी, मला ते जेवण वाटलंच नाही. उपवास म्हणजे खाल्लेलं नाही, असंच डोक्यात बसलेलं. आईच्याही आणि तुझ्याही. मॅडम म्हणाल्या, साबुदाणा भातापेक्षा कमी नाही, वरचढच आहे.

डॉक्टरांनी आणखी एक संधी दिली आहे, पंधरा सप्टेंबरला. ती शेवटची. त्यानंतर बाबा ऑपरेशन झेपण्याच्या पलीकडे जातील.

मला श्रावण आजच सोडायला हवा. पण आई ऐकत नाही. ती म्हणते, धरलेला श्रावण बापाच्या नावाने मध्येच मोडायचा आणि त्याला काही झालं तर? तिच्या हातून मासा शिजणार नाही. ती चिडून बोलली असती तर मी भांडले असते. ती हात जोडून बोलते. प्रितेश म्हणतो, "मी बोल्लो होतो, हे लो-कार्ब वगैरे काय चालत नाय." काकू म्हणतात, देवाचीच इच्छा नसेल.

मी देवाला घाबरत नाही असं नाही. मलाही भीती वाटते. तूच धरायला लावलास, आता तूच सांग, सोडू कसा?

तुझी,
ईश्वरी


धामणवाडी,
१८ ऑगस्ट २०२५, शेवटचा श्रावण सोमवार

चि. ईश्वरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुतळाच्या हातून शेताच्या बांधावर मिळालं. तिथेच बसून वाचलं. तुला उपवास मी सांगितले, खिचडीत कूट सढळ घाल हेही मीच लिहिलं. पण रडत बसायला आत्ता सवड नाही.

तशीच उठून शिवराम गुरवाकडे गेले. म्हटलं, देवळात चल, गाऱ्हाणं घालायचंय. त्याने विचारलं, काय म्हणून घालू? मी सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत बसला. "बायो, नवस फेडायचं गाऱ्हाणं मला येतं, गुरं हरवल्याचं येतं, कोर्टाचं येतं. साबुदाण्याचं मी आजवर घातलेलं न्हाय." मी म्हटलं, आज घाल.

मग त्याने नारळ ठेवला आणि सुरू केलं. ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे सुनीतीला वाचून दाखवता येईल.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या गावची लेक ईश्वरी मुंबैस आसा, तिनं बापासाठी श्रावण धरलान."
"व्हय म्हाराजा," मी, पुतळा आणि शिवरामाचा भाऊ, आम्ही तिघे म्हणालो.
"त्या उपवासानं तिच्या पोटातला इकार वाढलो. तिचो काय गुन्हा न्हाय. तिचे सोमवार, तिचे गुरुवार, तिचे शनिवार हिनं तिच्या आत्यानं, राजलक्ष्मीनं आपल्या अंगावर घेतलेत."
"व्हय म्हाराजा."
"पोरीनं म्हावरं खाल्लान तर तो दोष तिका लावू नको, तिच्या आयशीक लावू नको. जो काय हिशोब असंल तो हिच्याकडून घे, आनि त्या बापलेकीक एका टायमाला घराक ने."
"व्हय म्हाराजा."

झालं. तुझा श्रावण आता माझ्याकडे आहे. तुझ्याकडे काही शिल्लक नाही, तेव्हा मोडण्याचा प्रश्नच उरत नाही. राहिलेले वार मी करीन, आणि नुसत्या ताकावर करीन, साबुदाण्याला हात लावणार नाही. सुनीतीला सांग की थोरल्या नणंदेचा शब्द आहे. पत्र मिळेल त्याच संध्याकाळी जमुनेकडून बांगडे घे. तिला तव्यावर टाकायला जमत नसेल तर तू टाक.

एक कबूल करते. भाताने चरबी कशी होते हे मला अजून पुरतं पटलेलं नाही. पण उपवासाने जर वजन चढत असेल, तर मला बऱ्याच गोष्टी नव्याने शिकायला लागतील. तुझ्या मॅडमना विचार, नाचणीचं काय?

तुझी,
आत्या


कोपरखैरणे,
२० सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

पास झाले. डॉक्टरांनी माझ्या यकृताचे आधीचे आणि आताचे फोटो शेजारी ठेवून दाखवले. मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांचा चेहरा कळला. ऑपरेशन सात ऑक्टोबरला आहे. तू ये. हॉस्पिटल नेरूळ स्टेशनजवळ आहे, तुला आपल्या घरून रोज नेता येईल.

तुझं गाऱ्हाणं मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "व्हय म्हाराजा" आलं की ती पुटपुटायची. वाचून झाल्यावर उठली, तवा ठेवला आणि म्हणाली, हळद-मीठ लावून आण. गणपतीत तिने मोदक केले, माझ्यासाठी नुसतं बिनगुळाचं खोबरं बाजूला काढलं, आणि काकूंना दारातूनच सांगितलं की ईश्वरीला आग्रह करायचा नाही.

प्रितेश अजून म्हणतो परत चढणार. चढू दे की न चढू दे, सात तारखेपर्यंत उतरलेलं पुरे.

नाचणीचं मॅडम म्हणाल्या, भातापेक्षा बरी, पण मला चालणार नाही. तुला का हवंय?

तुझी,
ईश्वरी


कोपरखैरणे,
२ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तू परत गेल्यापासून घर रिकामं वाटतं. माझी जखम भरत आली, फक्त हसताना ओढ लागते, आणि बाबा आता हसवतात. डॉक्टर म्हणतात, माझं यकृत वाढायला लागलंय. बाबांच्या पोटातलंही कामाला लागलंय. त्यांच्या डोळ्यांचा पिवळेपणा गेला. औषधांनी हात मात्र फार थरथरतात, म्हणून आई भरवते आणि त्यांना त्याची लाज वाटते.

आता एक विचारायचंय. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तू प्रत्येक दिवशी ताटातला भात आईच्या ताटात सरकवत होतीस. मला वाटलं काळजीने जेवण जात नसेल. पण घरीही तू आमटी वाटीतून प्यायलीस, आणि माझ्या ताटातला बांगडा पळवलास. मग जुनी पत्रं काढून वाचली. पुतळाला बांधून दिलेला रोजचा भात. कोपरापर्यंत सरकणाऱ्या बांगड्या. "डोकं कशाने दुखतं, सहज विचारलं." ते सहज नव्हतं ना?

आत्या, तू भात कधी सोडलास?

तुझी,
ईश्वरी


धामणवाडी,
१० नोव्हेंबर २०२५

चि. ईश्वरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी. शेगडीवर भात होता. तो पुतळाला दिला आणि देवाला सांगितलं, मधू बरा होऊन घरी येईल आणि आपल्या ताटातला भात आपल्या हाताने खाईल, तोवर मी खाणार नाही. आपल्याकडे असं आवडीचं सोडतात. माझ्याकडे आवडीचं दुसरं काही नाही.

म्हणजे तुला "भाताशिवाय कुणी जगलेलं नाही" असं लिहीत होते तेव्हा मी पेजही बंद करून बसले होते. डोकं ठणकायचं, चिडून पुतळाला बोलायचे. मग आपल्याच अंदाजाने मिठाचं ताक घेतलं, आणि तुझी उत्तरं वाचून कुळथाची पिठी, भाज्या, एखादी नाचणीची भाकरी खाऊ लागले. सोडला होता देवासाठी, पण गुडघा दुखायचा कमी झाला, चोळ्या उसवून आत घेतल्या. तुला कळवलं असतं तर तुझ्या मॅडम जिंकल्या असत्या आणि मला ते नको होतं. शिवाय नवसाचं बोलून दाखवायचं नसतं. शिवराम मला म्हणाला, "बायो, तू खंगलीस." मी म्हटलं, जप वाढवलाय. लोकांना काय सांगायचं हा तुझा प्रश्न मला उशिरा कळला.

डॉक्टरला विचारल्याशिवाय केलं, हे चुकलंच. परवा तालुक्याला जाऊन तपासून आले. सगळं ठीक आहे.

भात कापून, झोडून झाला. नवे तांदूळ घरात येऊन पडले आहेत. सगळ्या घराला त्यांचा वास येतो आणि मी पोत्याकडे पाठ करून बसते. मधूला घाई करायला सांगू नकोस. त्याचे हात थांबतील तेव्हा थांबतील. मी बसले आहे.

तुझी,
आत्या


कोपरखैरणे,
२१ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी बाबांना दाखवलं. नवसाचं सांगायचं नसतं हे ठाऊक असूनही दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून उशाखाली ठेवलं.

तू एसटीने पाठवलेली नव्या तांदळाची पिशवी आईने काल उघडली. रंजिता मॅडमना विचारून मूठभर भात मऊ शिजवला. आई घास कालवायला लागली तर बाबांनी तिचा हात बाजूला केला. पहिला घास ताटाबाहेर सांडला. दुसरा शर्टावर. मी उठणार होते, पण आईने माझा हात धरून ठेवला. तिसरा घास तोंडात गेला. मग चौथाही. चावताना ते रडत होते आणि आम्ही दोघी दुसरीकडे बघत होतो.

मी खाल्ला नाही. मला अजून डॉक्टरांनी सांगितलेलं संपवायचंय, आणि खरं सांगू, आठवणही फार येत नाही. जमुनामावशी म्हणाली, "मानलं बाय." तिचं तेवढं पुरे.

खालची ओळ बाबांनी स्वतः लिहिली आहे. वाकडी आहे, पण मी मध्ये पडले नाही.

तुझी,
ईश्वरी

ताई, मी जेवलो. तू भात लाव. — मधू